सोनकांबळे डॉक्टरांच्या बरण्या

डॉ. सोनकांबळे आजारी कुत्र्याकडे आधी बघतच नाहीत. कुत्रं टेबलावर कण्हत असतं, मालक रडकुंडीला आलेला असतो, आणि हे महाशय चष्मा कपाळावर सरकवून मालकालाच विचारतात, "घरातलं काय हरवलंय?"

ताप किती, उलट्या किती, जेवलं कधी, हे सगळं नंतर. आधी हरवलेलं. मालक गोंधळतो. "डॉक्टरसाहेब, हरवलं काही नाही, कुत्रं आजारी आहे." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं: "हाव, बराबर. तरीबी घरी फोन लावा. पायमोजे बघा, पोराचा चेंडू बघा, दोरीवरचे चिमटे बघा. पोट खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतंय."

या माणसावर मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहिलंच असतं तर विरोधात. तीन वर्षं मला हा माणूस सहन होत नव्हता. याला हेवा म्हणतात, हे मला माहीत आहे. पत्रकात मी त्याला 'व्यक्तिपूजेला तात्त्विक विरोध' म्हटलं असतं.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला आमच्या प्राणिमित्र गटाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक शटर, दोन खुर्च्या आणि न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे. गटात एके काळी पाच जण होतो. तिघं नोकरीला पुण्याला गेले आणि तिथून फोनवर पाठिंबा देतात. उरलो मी आणि इम्रान. मी पत्रकं लिहिते, इम्रान खळ शिजवतो. खळ एवढ्यासाठी की चिकटपट्टी प्लास्टिकची असते, आणि प्लास्टिकविरोधी पोस्टर प्लास्टिकनं चिकटवायचं हा ढोंगीपणा आम्हाला मान्य नाही. ब्रशचे केस नायलॉनचे असतात, म्हणून ब्रशही नाही. कणकेची खळ बादलीत घ्यायची आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं भिंतीला फासायची, ही आमच्या गटाची पद्धत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आमच्यापासून चार शटर सोडून सोनकांबळे डॉक्टरांचा दवाखाना. पुढं दोन खोल्या, मागं घर. देवणीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. देवणी वळूच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला माणूस आता पामेरियनच्या पोटावर दोन बोटं अशी ठेवतो, जशी डाळीत खडा शोधतोय. गोठ्यातले गमबूट मात्र अजून सुटलेले नाहीत. फरशीवर, भर एप्रिलात, गुडघ्यापर्यंत गमबूट. कुत्रं चावलं की म्हणतात, "वळू असता तर लाथ घातला असता. हे बिचारं नुसतं चावून राहिलं."

त्यांची ख्याती एकाच गोष्टीची आहे. कुत्र्या-मांजरानं भलतंसलतं गिळलं, ते आतड्यात अडकलं, पुढचा रस्ता बंद झाला, की पोट उघडून ते बाहेर काढायचं. लातूरहून लोक गाडी करून येतात. असंच एक कुटुंब आलं होतं. मी पत्रक द्यायला दवाखान्यात गेले होते, म्हणून समक्ष पाहिलं. मुलगा म्हणत होता, काहीच हरवलेलं नाही. मागं त्याचे आजोबा गाल आत गेलेले, गप्प उभे. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "आजोबा, तुम्ही का बोलून नाही राहिले?" आजोबांनी उघडं तोंड दाखवलं. कवळी आठवडाभर सापडत नव्हती. मटण खाता येऊ नये म्हणून सुनेनंच ती लपवली, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला बिनदातांनी सांगून झालं होतं.

कवळी कुत्र्याच्या आतड्यातून निघाली. डॉक्टरांनी स्वतः धुतली, उकळली, कुत्र्याला घरी सोडलं त्या दिवशी कागदात गुंडाळून आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती तिथल्या तिथं बसवली आणि सुनेला फोन लावला. "बाई, तू न्हाईस. कुत्र्यानं खाल्ली." माफी मात्र मागितली नाही.

आणि त्या बरण्या! दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, शिरताच समोर, एका लांब फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत जनावराच्या पोटातून काढलेली एक वस्तू. आंब्याची कोय. तान्ह्या मुलाचा पायमोजा. मक्याच्या कणसाचा दांडा. दुधाची रिकामी पिशवी, घडी पडलेली. प्रत्येकीवर कागदाची पट्टी आणि डॉक्टरांचं तिरकं अक्षर: 'टॉमी, नायगाव. कोय.' 'सुंदरी, लातूर. पायमोजा.' लोक वाट बघत बसतात आणि बरण्या वाचतात. माझं पत्रक त्यांच्या हातात असतं. त्यानं ते वारा घेतात.

मला ती फळी बघवायची नाही. पहिलवान घरात गदा मांडून ठेवतात, तसं हे. आपण कापलेल्या पोटांची मिरवणूक! असं मी इम्रानला रोज म्हणायचे. इम्रान म्हणायचा, "दीदी, तू फळीकडं बघू नको ना मग." पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

आमच्या आईची गोष्ट ऐका. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो तुकडा पिशवीला लटकता ठेवा, म्हणजे इकडंतिकडं पडत नाही. हे मी तीन वर्षं पत्रकात छापत होते. आई ते पत्रक घडी घालून डब्याखाली ठेवायची आणि कोपरा खुशाल उडवायची. मग एकदा आमच्या मांजरीच्या कानाला जखम झाली. आई तिला घेऊन सोनकांबळ्यांकडे गेली. मीही गेले, लक्ष ठेवायला. डॉक्टरांनी मांजरीचा कान सोडून आधी तिचं तोंड उघडलं आणि जीभ वर करून खाली बघितलं.

"अहो, कान दुखतोय तिचा," आई म्हणाली.

"हाव, बराबर. कान पळून चालला न्हाई. आधी जीभ."

मांजर कुठलंही असो, आजार कसलाही असो, हे आधी जिभेखाली बघणार. शेपूट मोडलेल्या मांजराचीसुद्धा जीभ बघितलेली मी पाहिली आहे. मग कानाला औषध लावताना फळीवरच्या दुधाच्या पिशवीकडं बोट करून ते आईला नुसतं म्हणाले, "ताई, तुम्ही कोपरा कसा कापता?"

संपलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कोपरा लटकता राहतो. वर शेजारणींना आई शिकवते. "डॉक्टरांनी सांगितलंय!" मी विचारलं, "आणि मी काय सांगत होते?" आई म्हणाली, "तू तर सगळ्यावरच बोलतीस."

एका शाळेनं आम्हा दोघांना एकाच कार्यक्रमाला बोलावलं. मी पंचवीस मिनिटं बोलले. पोरं एकमेकांच्या दप्तरांचे पट्टे ओढत होती. मग सोनकांबळे गमबूट वाजवत उठले, पिशवीतून एक बरणी काढली आणि म्हणाले, "ही कोय हाय. ही गिळून टॉमीची शी बंद झाली." 'शी' म्हणताच अख्खी शाळा सावरून बसली. माझ्या भाषणात मी 'उत्सर्जन' म्हणाले होते. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग टॉमीचं काय झालं?" डॉक्टर बरणी पिशवीत ठेवत म्हणाले, "कोय झाकणाच्या डब्यात टाकायची. समजलं का सगळ्यांना?" प्रश्न चुकवायची ही पुढाऱ्यांची रीत आहे, असं मी वहीत टिपून ठेवलं.

येताना रिक्षात मला म्हणाले, "पत्रकबाई, तुमचं भाषण चांगलं होतं." पत्रकबाई! मला नाव आहे. पण या माणसानं एकदा हाक मारली आणि आता चहावाल्यापासून सगळा रस्ता मला पत्रकबाई म्हणतो.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण मोर्चा? मोर्चा हे आमच्या ऑफिसच्या कुत्र्याचं नाव. तांबूस रंग, एक कान मोडलेला. रस्त्यावरचाच, पण आमच्या प्रत्येक मोर्चात सगळ्यांच्या पुढं चालायचा, म्हणून ते नाव पडलं. दोन-तीनदा तर तो धरून आम्ही तिघं झालो होतो. सकाळी मी घरून पोळी आणायची, तो ती खायचा, आणि ऊन चढलं की चार शटर चालत जाऊन सोनकांबळ्यांच्या पायरीवर झोपायचा. पोळी माझी, पायरी त्यांची. राजकारणात याला पक्षांतर म्हणतात.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी शटर उघडलं तर मोर्चा पायरीवर उलट्यांवर उलट्या करत होता. पोळीकडं बघेना. पुढचे पाय लांब पसरून, मागचा भाग वर धरून तसाच उभा राहायचा आणि मुकाट थरथरायचा. माझं डोकं फिरलं. ऑफिसच्या मागं मोकळा प्लॉट आहे, तिथं शेजारची सोसायटी कचऱ्याच्या पिशव्या भिरकावते. त्यांना मी चार निवेदनं दिली होती. मोर्चाला दोन्ही हातांनी उचललं, चार शटर पळत गेले, आणि त्या चार शटरांत माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार झालं: 'मोर्चाचा बळी कोणी घेतला?' कुत्रं हातात जिवंत होतं, हे शीर्षक करताना माझ्या ध्यानात आलं नाही.

"काय पत्रकबाई," डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "घरातलं काय हरवलंय?"

"माझं काही हरवलेलं नाही. त्या सोसायटीच्या कचऱ्यातली पिशवी असणार. लिहून घ्या."

"घर म्हणजे ऑफिसबी धरा."

"आमच्या ऑफिसात प्लास्टिकचा एक तुकडा सापडणार नाही, सर!"

"मी प्लास्टिक कुठं म्हणलो?"

इम्रान खोकला. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला आठवलं. दोन दिवसांपूर्वी आम्ही पोस्टरं लावली होती. उरलेली खळ आणि फडकं बादलीत, बादली आमच्या ऑफिसच्या पायरीवर. सकाळी बादली चाटून लख्ख, आणि फडकं नाही. "वाऱ्यानं गेलं असेल," मी म्हणाले होते. खळीनं जड झालेलं ओलं फडकं, वाऱ्यानं!

आठवलं, आणि मी गप्प बसले. इम्राननं तोंड उघडलं तर मी त्याच्या पायावर पाय दिला.

का? मला पिशवी हवी होती. दुसऱ्याच्या कचऱ्यातली, प्लास्टिकची. ती त्या फळीवर हवी होती: 'मोर्चा, नांदेड. प्लास्टिकची पिशवी.' लोकांनी वाट बघत बसून ती वाचायला हवी होती. तीन वर्षांची पत्रकं एकीकडं आणि ती एक बरणी एकीकडं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

डॉक्टरांनी पोटावर बोटं फिरवली. एक्स-रे काढून आणवला. "गॅस लई हाय. वस्तू दिसंना. पातळ पिशवी असंल तर कधीकधी सरकून जाती. नाहक पोट फाडायला नको. उद्या सकाळपर्यंत सलाईनवर सबूर करू." मग परत एकदा माझ्याकडं बघितलं. "पिशवीच ना?"

"दुसरं काय असणार?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्राननं खळीची बादली माझ्यासमोर आणून आपटली. "दीदी, तू बोलती का मी बोलू?"

मी गेले. मोर्चा आडवा पडला होता. मान उचलली नाही, फक्त शेपटीचं टोक हललं. ते माझ्यासाठी हललं का डॉक्टरांसाठी, हे ठरवायचं धाडस मला झालं नाही.

"सर, फडकं," मी म्हणाले.

"कसलं?"

"खळीचं. सुती. आईच्या लुगड्याचं."

"केवढं?"

मी हात पसरून दाखवलं.

"कवापास्नं न्हाई?"

"तीन दिवस झाले."

"हाव," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. पोट खोटं बोलत नाही, माणूस बोलतंय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य मी ऐकायला उभी होते. ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गंगामावशी म्हणजे त्यांच्या दवाखान्यातल्या मदतनीस. देवणीपासून त्यांच्यासोबत आहेत. त्यांनी मोर्चाच्या पोटावरचे केस काढले आणि माझ्या हातात सलाईनची बाटली दिली. "उंच धर. अन् पडायचं असंल तर मागं पड, टेबलावर नको." मी पोटाच्या विकारांवर सहा पत्रकं लिहिली आहेत. आतडं बाहेर आलेलं बघितलं आणि त्यातला एकही शब्द मला आठवेना. निम्मं गुलाबी होतं. मधलं वीतभर जांभळं, काळपट.

"काल हे लाल असतं," मावशी पुटपुटल्या.

"मावशी, कात्री," डॉक्टर म्हणाले.

काळा भाग कापून काढावा लागला. त्यातून फडकं निघालं, पिळून दोरखंड झालेलं, आणि त्याच्या एका टोकाला आईच्या लुगड्याचा हिरवा काठ. मग डॉक्टरांनी आतड्याची दोन टोकं जोडायला घेतली. तो गमबुटातला उंच माणूस टेबलावर वाकला होता, आणि टाके इतके बारीक की आईनंसुद्धा मान डोलावली असती. टाक्याटाक्याला पुटपुटत होते, "सबूर बाबा, सबूर." जोडलेल्या जागी सुईनं मिठाचं पाणी भरून बघितलं, कुठं थेंब येतो का. आला नाही. शेवटी पोटातलाच चरबीचा एक पातळ पापुद्रा ओढून त्यांनी त्या टाक्यांवर पांघरला.

"हा पदर," मला म्हणाले. "कुत्र्याला असतो, मांजराला असतो, वळूला असतो. फाटल्या जागी पदर घालायचा. बाकीचं तो बघतो." पोट शिवून झाल्यावर म्हणाले, "टाका सुटायचा तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतो. पाच दिवस काही विचारू नका."

विचारायचं नव्हतं, म्हणून मी रोज जाऊन नुसती उभी राहायचे. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मोर्चाला ताप चढला. चौथ्या दिवशी दुपारी गेले, तर आतल्या खोलीच्या दाराबाहेर गमबूट काढून ठेवलेले. आत डॉक्टर अनवाणी, पिंजऱ्याला टेकून जमिनीवर बसलेले. गमबुटांच्या आवाजानं मोर्चा दचकतो म्हणून, असं मावशींनी सांगितलं. त्यांचे पाय मी पहिल्यांदा बघितले. म्हाताऱ्या माणसाचे, निबर.

बाहेरच्या खोलीत टेबलावर एक बरणी धुऊन पालथी घातली होती. शेजारी कागदाची पट्टी, तिरकं अक्षर: 'मोर्चा, नांदेड. फडकं.'

खरं सांगते, एवढ्या काळजीतही माझ्या मनाला गुदगुली झाली. आली एकदाची! फळीवर आमची बरणी. पिशवीची नाही तर नाही. मी मावशींना म्हणाले, "पट्टीवर आमच्या गटाचं नावही घाला. लपवायचं काय? आम्ही जाहीर आत्मटीका करू."

मावशींनी हातातला झाडू खाली ठेवला. "काय बोलून राहिलीस पोरी? त्या बरण्या मेलेल्यांच्या हायत."

मी फळीकडं बघितलं.

"ज्याचं जनावर वाचलं, त्याची वस्तू तो घेऊन जातो. राहिलेल्यांची हितं राहती. सायब टाकू देत न्हाईत."

कोय. टॉमी. 'मग टॉमीचं काय झालं?' पायमोजा, दांडा, दुधाची पिशवी. आजोबांची कवळी या फळीवर नव्हती, लातूरला आजोबांच्या तोंडात होती. तीन वर्षं मी रोज ती फळी बघत होते आणि जळत होते. कशावर?

फळीच्या अगदी डाव्या टोकाला एक लहान बरणी होती. पट्टी पिवळी पडलेली. 'चिमणी, देवणी. दोरा.' आत गुंता झालेला लाल दोरा.

"ती बाईंची मांजर," मावशी म्हणाल्या. बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. देवणीला घरी झंपर शिवायच्या. "चिमणी खाईना, ओकायला लागली. बाई दोनदा म्हणल्या, माझं रीळ सापडंना. सायब वळूंच्या धांदलीत. म्हणले, दुसरं आणतो की. अन् जनावराला देतेत तसं जुलाबाचं औषध पाजलं. दोरा जिभंखाली अडकलेला. आत आतडं चिरत गेला."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"काहीच न्हाई. पर दुसरं रीळ कवाच आणू दिलं न्हाई. शिवणयंत्र तसंच हाय आत, झाकलेलं." मावशींनी झाडू उचलला. "त्याच्यानंतर सायबांनी पन्नाशीत पुस्तकं आणून हे कुत्र्या-मांजराचं शिकलं. बाईंनी बघितलं ते. मग त्याबी गेल्या."

आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. "सबूर बाबा. सबूर." मी ती पट्टी टेबलावरून उचलली आणि काय करावं ते न कळून परत होती तशी ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. दुपारी मोर्चानं पेज चाटली. आणि सहाव्या दिवशी, आई माझ्यासोबत आलेली असताना, त्यानं दवाखान्याच्या मागच्या अंगणात चारी पायांवर लटपटत शी केली. डॉक्टर खाली वाकून बघत राहिले, जसं कुणी निकालाचा कागद बघतं. मग म्हणाले, "पास!" आई टाळ्या वाजवत होती. मी रडत होते. 'उत्सर्जन' हा शब्द मी त्यानंतर कुठल्याही पत्रकात लिहिलेला नाही.

निघताना डॉक्टरांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. फडकं. धुतलेलं, वाळवलेलं, चौकोनी घडी घातलेलं. हिरवा काठ वर.

"घ्या. घरी न्या. बरणी लागली न्हाई तुमाला."

मला त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "सर, माझ्यामुळं एक दिवस..."

"हाव, बराबर," ते म्हणाले. "मी बी एकदा ऐकलो नव्हतो."

टेबलावर रिकामी बरणी तशीच होती. आईनं विचारलं, "हिचं काय करता आता?"

"मीठ ठेवीन."

"लोणचं नाही घालत?"

डॉक्टर हसले. "कोण घालतंय, ताई?"

आईनं बरणी उचलून पिशवीत घातली. विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी तीच बरणी घेऊन मी चार शटर चालत गेले. कैरीचं लोणचं. आमच्या घरी लोणच्याची फोड कोयीसकट असते. दात लागतो, मी जन्मापासून ओरडते, आई म्हणते, चोखून टाक. यांच्या बरणीत एकही कोय नव्हती. आईनं फोड न् फोड कोय काढून घातली होती. म्हणे, त्यांना ती बघवायची नाही. मी तिची पोटची पोर, आणि बिनकोयीचं लोणचं या माणसाला! माझा हेवा गेला, असं मी कुठंही म्हटलेलं नाही.

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग बरणी फळीवर नेली, डाव्या टोकाला, चिमणीच्या शेजारी ठेवली. मोर्चाची जुनी पट्टी उलटी केली आणि पाठीमागं लिहिलं: 'लोणचं.'

"आता चिकटवायला डिंक संपलाय," म्हणाले.

मी ऑफिसातून खळीची वाटी घेऊन आले. पट्टीला खळ फासली, त्यांनी अंगठ्यानं दाबली. मोर्चा पायरीवरून उठून आत आला आणि वाटीच्या दिशेनं नाक वर करून उभा राहिला.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पत्रकबाई, फडकं कुठंय?"

"हातात हाय, सर," मी म्हणाले आणि मूठ उघडून दाखवली.